दोन भाषांतील पुरू

महाभारतात ययातीने शापाने आलेले म्हातारपण मुलांपुढे ठेवले. थोरल्या चौघांनी ते नाकारले, धाकट्या पुरूने घेतले आणि पुढे राज्य मिळविले. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ ची, तर गिरीश कर्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक १९६१ चे. वडील हजीऱ्यास कारखान्यात नोकरीला असतात. तेथील वसाहतीत सुट्टीत मी दोन्ही लागोपाठ वाचली. खांडेकरांची कथा मुख्यतः बापाच्या अतृप्तीची. (१९७४ चे ज्ञानपीठ तिलाच मिळाले.) कर्नाडांचे लक्ष मुलाकडेही आहे; लिहिताना ते स्वतः बाविशीच्या आसपास होते. त्यांच्या पुरूला आपल्या सामान्यपणाची खंत आहे, म्हणून तो बापाचे ओझे उचलतो. पण नुकत्याच लग्न होऊन आलेल्या चित्रलेखेस कोणी विचारले? ती विष घेते. मग ययाति म्हातारपण परत घेतो. पुरूला तारुण्य मिळते, बायको नाही. आमच्या वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर करारावर सही नसलेल्या व्यक्तीने किंमत मोजली.

वसाहतीतली आम्ही बरीच मुले वडिलांची इच्छा तीच आपली समजून शाखा निवडतो. पुरूकडे निदान स्पष्ट शब्दांत मागणी झाली होती. आमच्याकडे ती जेवताना, शेजाऱ्यांच्या मुलाच्या पगाराचा विषय काढून होते.