यादीतला पहिला नंबर

गेटवरच्या पडद्यावर आमची नावं पहिली आणि दुसरी होती. आडनावाची इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक, एवढंच तिथे दिसतं. तेवढ्यावरूनही आईनं स्वतःला शोधून काढलं आणि मला कोपरानं ढोसून विचारलं, "ही मीच ना रे?" वर लिहिलं होतं, शिल्लक जागा 1. मी त्या आकड्याकडे बघत असतानाच डोळ्यांदेखत तिसऱ्या नावापुढे हिरवी खूण उमटली. पहिल्या नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या.

याला वर्ष होऊन गेलं. अजूनही मंडळाच्या गणपतीत कुणी आपल्या अपग्रेडच्या गोष्टी सांगायला लागला की मी मोदकांचं निमित्त करून उठतो. विमान कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. अपग्रेडची रीत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकानं सगळीकडे तीच आहे.

नऊ वर्षं दर सोमवारी पहाटे मी न्यू जर्सीतून क्लायंटकडे जातो आणि गुरुवारी रात्री परत येतो. त्यातून मिळालेलं कार्ड कंपनीच्या सगळ्यांत वरच्या श्रेणीचं नाही, पण त्याच्या खालोखालचं आहे. सोमवारी दोन-तीनदा तरी महिन्यातून पुढची रुंद खुर्ची फुकट मिळायची. माणसाला सवय लागते, आणि सवय लागली की तो त्याला हक्क समजतो. आई सहा महिन्यांसाठी आली होती, तिला ग्रँड कॅनियन दाखवायचा होता, म्हणून फीनिक्सची दोन तिकिटं काढली. पाच तासांचं उड्डाण आणि आईचे गुडघे हे असे. पाच दिवस आधी ॲपमध्ये पाहिलं तर पुढच्या 12 खुर्च्यांपैकी 6 रिकाम्या. मी तिला सांगून टाकलं, "आई, तुला पुढे बसवून नेतो." संध्याकाळपर्यंत ही बातमी इचलकरंजीला मावशीकडे पोचली होती. निघायच्या दिवशी आईनं प्रवासासाठी काढलेला पंजाबी ड्रेस बाजूला ठेवला आणि नारायणपेठ नेसली.

आता गेटवरच्या बाईंचं ऐका.

मी म्हटलं, "यादीत पहिले आम्ही आहोत." त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच बुकिंगवर आहात. जागा एक आहे. अशा वेळी यंत्रणा पुढच्या नावाकडे जाते."

"मग ती एक जागा आईला द्या ना. मी मागे बसतो."

"हे मला आधी सांगायला हवं होतं."

"मला कुणी विचारलं?"

यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सर, मिळेलच असंही तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

वाक्य चूक नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. माझ्यामागे रांग होती. तिसऱ्या नंबरचा कानात हेडफोन घातलेला मुलगा पुढे जाऊन बसलासुद्धा होता. मी नऊ वर्षांचा हिशेब काढायला लागलो होतो, तेवढ्यात आईनं माझी बाही ओढली. "चल, लोक बघतायत."

खरी चपराक मात्र फीनिक्सला उतरल्यावर बसली. सामानाच्या पट्ट्यापाशी एक तरुण जोडपं उभं होतं, पहिल्या रांगेतलं. बोलता बोलता कळलं की या कंपनीनं ते पहिल्यांदाच आले होते. आदल्या दिवशी चेक-इन करताना ॲपनं विचारलं, माणशी 119 डॉलरमध्ये पुढे बसता का? त्यांनी हो म्हटलं. आणि मला आठवलं की तसाच चौकोन माझ्या फोनवरही आला होता. फुकट मिळणार असताना पैसे कोण भरतं, म्हणून मी तो अंगठ्यानं बाजूला सारला होता.

त्यानंतर महिनाभर मी या विषयाच्या मागेच लागलो. नियम वाचले, ओळखीतल्या दोन-तीन जुन्या खोडांना फोन केले. जे समजलं ते असं. फुकटचं अपग्रेड म्हणजे विकली न गेलेली खुर्ची. बक्षीस वगैरे शब्द जाहिरातीतले. कंपनी शेवटच्या तासापर्यंत ती खुर्ची विकायचा प्रयत्न करत असते. आधी पूर्ण भावानं, मग सवलतीत, मग ॲपमधून पडेल त्या भावानं, किंवा पॉइंटच्या बदल्यात. कुठलं उड्डाण रद्द झालं तर त्यावरचा पुढच्या वर्गाचं तिकीट असलेला प्रवासी आधी तिथे बसतो; आमची शेवटून दुसरी जागा अशीच गेली. या सगळ्यातून उरलं तर ते यादीला. बाजार उठल्यावर पाटीत उरलेली भाजी भाजीवाली ओळखीच्या गिऱ्हाईकाला देते, तेवढाच तो मान.

यादीत आधी श्रेणी बघतात. वरच्या श्रेणीवाल्यांची नावं उड्डाणाच्या चार-पाच दिवस आधीपासून पुढे सरकायला लागतात, खालच्यांची अगदी शेवटच्या दिवशी. ज्या मार्गावर सगळे माझ्यासारखेच सोमवार-गुरुवारवाले, तिथे प्रत्येकाच्या खिशात तेच कार्ड. मग बरोबरी फोडायची कशी? कुठे वर्षभरात किती खर्च केला ते पाहतात, कुठे तिकिटाचं भाड्याचं अक्षर, कुठे कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे का तेही. त्या अक्षराकडे आपण कधी बघत नाही. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असतात. वाय म्हणजे पूर्ण भाड्याचं तिकीट, आणि त्याखाली सवलतीच्या अक्षरांची उतरंड. सगळ्यांत स्वस्त 'बेसिक' तिकीट असेल तर बऱ्याच ठिकाणी अपग्रेडचा विषयच संपतो.

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. सोमवारची माझी तिकिटं क्लायंटच्या पैशानं, शेवटच्या क्षणी, बदलता येणारी, म्हणजे महागडी काढली जायची. नऊ वर्षं मला वाटत होतं की पुढे मी बसतोय. पुढे बसत होतं क्लायंटचं बिल. फीनिक्सला मंगळवारी दुपारी निघालो, मार्गावर माझ्या श्रेणीचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यादीत पहिला तरी आलो. सोमवारच्या गर्दीत त्याच स्वस्त तिकिटावर मी कुठे असतो, याचा विचारही नको.

हे पूर्वी असं नव्हतं म्हणतात, आणि ते खरं आहे. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं 'ॲडव्हांटेज' सुरू केलं तेव्हा हिशेब मैलांचा होता. लांब जाणारा मोठा. 2015 मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं, आणि 2016 मध्ये अमेरिकननं, बक्षिसाचे मैल अंतराऐवजी भाड्याच्या डॉलरवर द्यायला सुरुवात केली. श्रेणीचे नियमही हळूहळू त्याच वळणानं गेले. पुढच्या खुर्च्यांपैकी बहुतेक आता आपण विकतो, वाटत नाही, हे तिथले वरिष्ठ गुंतवणूकदारांना अभिमानानं सांगतात. आम्हाला मात्र दर डिसेंबरला 'तुमच्या निष्ठेबद्दल आभार' असं पत्र येतं.

तर ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांच्यासाठी. दोघांचं बुकिंग एक असेल तर पडद्यावरच्या पहिल्या नंबरला फार अर्थ नाही. गेट उघडल्या उघडल्या, यादी हलायच्या आधी, काउंटरवर जाऊन सांगा की एकच जागा उरली तर आम्ही वेगळे व्हायला तयार आहोत, आणि ती कुणाला द्यायची तेही सांगा. आधीपासून वेगवेगळी तिकिटं काढू नका; तसं केलं तर काही कंपन्यांत सोबत्याला तुमच्या कार्डाचा आधारच मिळत नाही. काही ठिकाणी दोन बुकिंगं फोन करून जोडून घेता येतात, तुमच्या कंपनीत काय चालतं ते विचारून घ्या. आणि घरी आधी ठरवा: इंग्रजी न येणारी आई पुढे एकटी बसेल का? मी आईला नंतर विचारलं. म्हणाली, "मी कशाला एकटी बसतेय तिथे? ती बाई काय विचारेल आणि मी काय सांगणार?" म्हणजे मी गेटवर ज्यासाठी भांडलो ती जागा तिला नकोच होती. असो, भांडण तत्त्वाचं होतं.

ॲपमधल्या नकाशावर रिकामी दिसणारी खुर्ची मोकळी असतेच असं नाही. विकली गेलेली पण कुणी निवडलेली नसलेली खुर्चीही रिकामीच दिसते. माझ्या सहापैकी किती खरोखर रिकाम्या होत्या देव जाणे. आणि वयस्कर माणूस सोबत असेल, प्रवास मोठा असेल आणि तो 119 डॉलरचा चौकोन आला, तर भरा आणि मोकळे व्हा. दर तासागणिक बदलतो, चांगला आकडा परत येईलच असं नाही. आम्हा मराठी माणसांना फुकटची वाट बघत विकतचं घालवायची खोड आहे, निदान मला तरी होती.

सूट घालून गेलात तर पुढे बसवतात, मधुचंद्राला निघालो म्हटलं तर बसवतात, हे सगळं सोडून द्या. माझ्या आईची नारायणपेठ कुणी पाहिलीसुद्धा नाही.

भारतात जाणाऱ्या लांबच्या विमानांत या फुकटच्या यादीची आशाच धरू नका. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड कार्ड असेल तर लाउंज मिळतं, एक बॅग जास्त मिळते, रांगेत पुढे जाता येतं. वरच्या वर्गाची खुर्ची त्या कार्डाच्या फायद्यांत नाही. तिथे पॉइंट घालावे लागतात किंवा बोली लावावी लागते, म्हणजे इतके पैसे देतो म्हणून कळवायचं आणि वाट बघायची. मागचा वर्ग क्षमतेपेक्षा जास्त विकला गेला तरच कंपनी स्वतःच्या गरजेपोटी काहींना उचलून पुढे बसवते, आणि तेव्हाही कार्डवाल्यांचा नंबर आधी. अशा वेळी जैन किंवा खास जेवण मागवलेला माणूस मागे राहतो, कारण त्याचं जेवण मागच्या गाडीत भरलेलं असतं, असं जुने प्रवासी सांगतात. मला यातलं अर्धंच पटतं, पण माझा एक मित्र तेव्हापासून जैन जेवण मागवत नाही.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. पैसे भरून घेतलेल्या वरच्या वर्गातून कंपनीनं तुम्हाला तुमच्या मर्जीविरुद्ध खाली बसवलं, तर भारतात 15 फेब्रुवारी 2023 पासून डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे: देशांतर्गत उड्डाणाला करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला अंतराप्रमाणे 30, 50 किंवा 75 टक्के. गेटवर गोड बोलून कुपन हातात ठेवतील, तेव्हा हे आकडे तोंडपाठ असू द्या. न मिळालेल्या फुकटच्या जागेसाठी मात्र जगात कुठलाही कायदा तुमच्या बाजूनं नाही, हे मी खात्री करून घेतलं आहे.

तक्रार केली तर काय होतं? मी दोन पानी लिहिली, बोर्डिंग पासचे फोटो जोडले. नऊ दिवसांनी उत्तर आलं. माझ्या आईचा उल्लेख त्यांनी 'तुमचा सोबती' असा केला होता, आणि खात्यात 2,500 मैल जमा केले होते. त्यात न्यू जर्सीतून बाहेर पडता येईल असं तिकीट मला तरी सापडलं नाही.

विमानात आम्ही आठव्या रांगेत बसलो, पाय थोडे लांब करता येतात त्या खुर्च्यांवर. कार्डाचा तेवढा उपयोग झाला. मधली खुर्ची मी घेतली. विमान वर गेल्यावर आईनं डब्यातली दशमी आणि चटणी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि पुढचा पडदा बघत विचारलं, "तू सोमवारी खरंच तिकडे बसतोस ना रे?"

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही.

रात्री हॉटेलात मावशीचा फोन आला. मी आंघोळीला जात होतो, दाराशी थांबून ऐकलं. "हो गं, पुढेच होतो," आई सांगत होती. "आठव्या ओळीत. मागे केवढं तरी विमान होतं."