पाणी स्वच्छ दिसतं, पण...

पावसाळा आला की होस्टेलवर दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक सबमिशनची बोंब आणि दुसरी, "काल रात्रीपासून पोट बिघडलंय यार!" पहिलीवर इलाज नाही. दुसरीवर आहे, आणि तो आपल्या सिव्हिलच्या पुस्तकातही आहे.

कॉलरा, टायफॉइड, कावीळ 'अ' आणि 'ई', जंतू वेगवेगळे पण वाट एकच. रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा हातांवर आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात. वाचताना किळस वाटेल, पण मुद्दा तोच आहे.

वॉटर सप्लाय शिकताना मला दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीने चक्रावून टाकलं. वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलत, तिथे यमुनेत नजफगढ नाल्याचं सांडपाणी शिरलं. प्लँटवरच्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. टायफॉइडची साथ उसळली नाही. पण काही आठवड्यांनी कावीळ सुरू झाली, ती सुमारे २९ हजार लोकांना! जीवाणू मेले, विषाणू पुरून उरला. जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे १९८० च्या सुमारास तपासले, तेव्हा ही 'अ' कावीळ नव्हतीच हे कळलं. तिलाच आज आपण 'ई' म्हणतो. आणि हो, काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यावर आजार दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे कालच्या पाणीपुरीवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नसतो.

पुढचा घोळ पाइपात होतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नळाला चोवीस तास पाणी नसतं. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब पडतो, आणि जॉइंट गळका असेल तर शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. फ्लुइड मेकॅनिक्स नुसतं पेपरपुरतं नसतं ते असं! म्हणून नळापर्यंत येणाऱ्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा लागतो, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. तपासायचं किट साधं असतं. नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. (ते पाणी नंतर ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) मात्र नमुना टाकीतून नको, टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचा घ्या. क्लोरीन वाटेतच संपतो.

साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळलेलंच बरं, त्यात विषाणूही टिकत नाही.

जेवणाबद्दल एकच सांगतो. दुपारचा भात तसाच बाहेर ठेवून रात्री फोडणी देणं, ही मेसची लाडकी काटकसर. भातातल्या एका जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढून विष तयार करतात, आणि ते विष फोडणीने जात नाही. भात उरला तर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवायला मेसवाल्या काकांना सांगायला हवं.

आमच्या विंगमधल्या चौघांनी रोज आळीपाळीने क्लोरीन तपासायचं ठरवलंय. किट रेक्टर सरांकडे आहे. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सातला तळमजल्याच्या शेवटच्या नळापाशी यावं.