'लेट' म्हणजे जाऊ दे, की अडव?

आजचा पाठ : निर्गम 5:1-4

प्रियांनो, आपल्यापैकी बरेच जण मराठी शास्त्राशेजारी जुने इंग्रजी किंग जेम्स भाषांतरही उघडून बसतात. चांगली सवय आहे. पण आजच्या पाठात एक छोटा शब्द वाट अडवतो : 'लेट'.

पहिल्या वचनात मोशे आणि अहरोन फारोला देवाचा निरोप सांगतात, माझ्या लोकांना सोड. इंग्रजीत तिथे 'लेट' आहे, म्हणजे जाऊ देणे. मग चौथ्या वचनात फारो त्या दोघांवरच उखडतो की तुम्ही लोकांचा कामात खोळंबा का करता? तिथेही 'लेट'च! तीन वचनांत अर्थ पार उलटा.

गंमत अशी, की हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत एकाचा अर्थ सोडणे, दुसऱ्याचा अडवणे. काळाच्या ओघात दोन्ही एकसारखे झाले. 1611 साली हे भाषांतर छापले तेव्हा दोन्ही चालू होते. पुढे अडवणारा 'लेट' मागे पडला, पण संपला नाही. आपला भारतीय पासपोर्ट उघडून पाहा : धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे या विनंतीत तो अजून आहे. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की 'लेट' पुकारतात, तो पॉइंट धरत नाहीत. आणि आपली गाडी 'लेट' होते ना, तो शब्द याच अडवणाऱ्याचा जवळचा नातलग!

यावरून कोणी म्हणेल, पाहा, देवाची सुटका ती फारोची अडवणूक, एकाच शब्दात! ऐकायला छान वाटते, पण तसे शिकवू नये. हिब्रूत त्या दोन ठिकाणी दोन वेगळी क्रियापदे आहेत. हा योगायोग इंग्रजीचा आहे, मोशेचा नाही.

खरा घोटाळा रोमकरांस पत्र 1:13 मध्ये होतो. पौलाने रोमला जायचे पुष्कळदा ठरवले होते, आणि इंग्रजीत पुढे येते की आतापर्यंत तो 'लेट' होता. आजच्या अर्थाने वाचले तर त्याला मोकळीक होती, तरी तो गेलाच नाही, असे होईल. बिचारा पौल! प्रत्यक्षात तो अडवला गेला होता. 1982 च्या न्यू किंग जेम्समध्ये तिथे सरळ अडथळ्याचाच शब्द घातला आहे. यशया 43:13 सुद्धा असेच तपासून पाहा : देव काम करणार, तर त्याला 'लेट' कोण करील?

उद्या वचन 5 पासून, विटा आणि पेंढा.