लांबचा फटका आणि आपली कंबर

गोल्फमध्ये गवतावर पडलेला चेंडू लांब मारायच्या काठीला 'फेअरवे वूड' म्हणतात. नाव 'वूड' असले तरी तिचे डोके आता बहुधा धातूचे असते. पन्नाशीतले खेळाडू विचारतात, "डॉक्टर, फटका कधी लांब जातो, कधी जमिनीवरच घसरतो. ताकद कमी झाली का?" पुष्कळदा ताकद कमी झालेली नसते, सांधे आखडलेले असतात.

कमरेचे मणके पुढे-मागे वाकतात, पण गोल फारच थोडे फिरतात. शरीराला वळण मिळते ते खुब्यांतून व पाठीच्या वरच्या भागातून. हे भाग आखडले, की सारा पीळ कमरेवर येतो. मग फटका तर चुकतोच, उसणही भरते.

उपाय सोपे आहेत. खेळण्यापूर्वी १० मिनिटे भरभर चाला. मग काठी खांद्यांवर आडवी धरून दोन्ही बाजूंना सावकाश १०-१० वेळा वळा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी चेंडू डाव्या टाचेच्या किंचित आत येईल असे उभे राहावे. चेंडू उचलण्यासाठी मागे रेलू नका. तीन नंबरच्या वूडचे तोंड सुमारे १५ अंश मागे कललेले असते. ते काम त्याचे आहे. आधी पाऊण झोकाने मारा. चेंडू तोंडाच्या मध्यावर लागू लागला, की अंतर आपोआप वाढते.

कळ पायात उतरली, मुंग्या आल्या वा पायातली शक्ती कमी वाटली, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यास मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.