शिप्पी गवत : ओळख आणि बंदोबस्त

तिवसा तालुक्यातील काळ्या भारी जमिनीत कपाशी, तूर व सोयाबीन या खरीप पिकांत जी एकवर्षायू गवते माजतात, त्यांत शिप्पी हे एक नेहमी आढळणारे गवत होय. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली आणि वाफसा येईना, म्हणजे डवरा चालत नाही व निंदणही खोळंबते. तेवढ्या अवधीत हे गवत पिकाचे अन्न व प्रकाश हिरावून घेते. म्हणून त्याचा जीवनक्रम ओळखूनच उपाय योजावा.

ओळख : शिप्पीचे शास्त्रीय नाव ब्रॅकियारिया एरुसिफॉर्मिस असे आहे. याचे खोड बारीक असून बुडाशी जमिनीवर लोळते व मग उभे होते. पेरांवर बारीक लव असते. ओल्या मातीस टेकलेल्या पेरांना मुळे फुटतात. पाने लहान व टोकदार असतात. तुऱ्यावर आखूड कणसे एकाआड एक, दांड्याला चिकटून लागतात. हरळीची कणसे मात्र एकाच ठिकाणाहून बोटांसारखी फुटतात आणि तिच्या काशा जमिनीत पसरतात. लव्हाळ्याचा दांडा तिधारी असून त्यास जमिनीत गाठी असतात.

हा भेद महत्त्वाचा आहे. हरळी काशांतून व लव्हाळा गाठींतून पुन्हा फुटतो. शिप्पी केवळ बियांवर जगते. सबब, बी धरण्यापूर्वी तिचा नाश करणे हेच बंदोबस्ताचे मर्म होय.

पेरणीपूर्वी : पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावे व वखराची पाळी देऊन ते मोडावे; मात्र त्यासाठी पेरणीचा हंगाम दवडू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. धुऱ्यावरील गवत फुलोऱ्यापूर्वी कापावे.

पेरणीनंतर : सोयाबीन पहिले ३० ते ४५ दिवस व कपाशी सुमारे ६० दिवस तणमुक्त ठेवावी. वाफसा येताच डवरणी करून ओळीतील तण निंदून काढावे. निंदलेले गवत ओल्या शेतात टाकू नये; ते पुन्हा मूळ धरते. बी न धरलेले हिरवे गवत जनावरांस घालावे.

तणनाशक : झडीमुळे मशागत अशक्य झाल्यास, तण दोन ते चार पानांवर असताना सोयाबीन किंवा कपाशीत क्विझॅलोफॉप-इथाइल ५ टक्के प्रवाही हेक्टरी १ लिटर, ५०० लिटर पाण्यातून जमिनीत ओल असताना फवारावे. हे औषध गवतांवरच चालते. रुंद पानांच्या तणांवर चालत नाही. ज्वारी व मका गवतकुळातीलच असल्याने त्यांवर फवारा उडू देऊ नये. फवारणीचा पंप वेगळा ठेवावा आणि डब्यावरील सूचना पाळाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिप्पी, हरळी व लव्हाळा मुळासकट उपटून शेतकऱ्यांस बांधावरच दाखवावेत. एका हंगामात शिप्पीचे बी शेतात पडू दिले नाही, तर पुढील हंगामात निंदणाचा खर्च निश्चितच हलका होतो.