तापलेले इंजिन आणि ऑइलची दांडी

चंद्रपूर जिल्हा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांत जुन्या मोटारीची दुहेरी कसोटी लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मदत दूर असते. गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे सिरोंचा गाठावयाचे तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो व वाटेत जंगलाचे लांब पट्टे लागतात. पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले असले, तरी गावोगावच्या जुन्या खाजगी जीपगाड्या अडीअडचणीला आजही धावतात. भामरागड भागातील एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला अहेरीच्या रुग्णालयाकडे नेणारी अशी गाडी वाटेत वाफ सोडू लागली, की सोबतचा जाणता माणूस बहुधा म्हणतो, “पाणी टाका आणि चला.” हा सल्ला कित्येकदा गाडीचा घात करतो.

पाणी इंजिनाला थंड ठेवते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु दट्ट्या आणि बेअरिंगे यांच्यापर्यंत हे पाणी पोहोचत नाही. तेथील उष्णता ऑइलच वाहून नेते. ऑइल कमी पडले तर इंजिन तापते आणि इंजिन तापले तर ऑइल पातळ होऊन त्याचा दाब उतरतो. म्हणून तापलेल्या गाडीची तपासणी रेडिएटरपाशी संपवून चालत नाही.

प्रथम गाडी सावलीत उभी करावी. ऑइलचा दिवा लागला असेल किंवा पाणी उसळून गेले असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पाणी पार संपले की तापमानाचा काटा कधीकधी खाली येतो, कारण त्याच्या खुंटीला पाण्याचा स्पर्शच उरत नाही. खाली आलेल्या काट्यावर विसंबून अनेकांनी इंजिने जाम करून घेतली आहेत. रेडिएटरचे झाकण निदान अर्धा तास उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतील पाणी शंभर अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच मात्र ते उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे.

या अर्ध्या तासात ऑइलची दांडी पाहावी. गाडी सपाट जागी असावी. दांडी एकदा पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून मग वाचावी. डिझेल इंजिनाचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. नुसत्या काळेपणाने घाबरण्याचे कारण नाही. पातळी उतरली असेल तर ऑइल गळते आहे किंवा जळते आहे. गळतीचा डाग गाडीखाली सापडतो, जळणाऱ्या ऑइलचा धूर निळसर असतो. पातळी खालच्या खुणेच्या आत असल्यास ऑइल भरून पुढे जाता येते. कोणी ऑइल न भरता पातळी वाढलेली दिसणे ही मात्र अधिक गंभीर गोष्ट होय. त्यास डिझेलचा वास असेल तर इंधन ऑइलात उतरत आहे. रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी मिसळले आहे. बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. अशी गाडी पुन्हा सुरू करू नये. रुग्णासाठी तत्काळ दुसरे वाहन मिळवावे. पावसाळ्यात लहान फेऱ्यांनंतर ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढुरका थर जमतो, तो केवळ दमटपणाचाही असू शकतो. निर्णय दांडीवरूनच करावा.

दांडी निर्दोष असेल तर पाण्याच्या मार्गाकडे वळावे. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा. अर्ध्या इंचाहून फार अधिक दबला तर तो ढिला आहे. रेडिएटरच्या जाळीत या भागात रस्त्याची धूळ, गवताचे तुरे आणि किडे गच्च बसतात. समोरून पाणी मारल्यास हा कचरा आणखी आत जातो. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावे. हातपंपाचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्यांत क्षार बसतात, त्यांवर बाहेरून धुण्याचा उपयोग नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत गॅरेजांत रूढ आहे. तिने मूळ दोष झाकला जातो आणि थंड वेळी इंजिन योग्य तापमानाला येत नाही. नादुरुस्त थर्मोस्टॅट बदलणे हाच उपाय.

रुग्णांसाठी किंवा निवडणूक कामासाठी जुनी गाडी भाड्याने ठरविताना ग्रामपंचायतींनी बाहेरचा रंग पाहण्यापेक्षा सकाळी, इंजिन गार असताना, मालकासमक्ष झाकण उघडून दांडी वाचावी. पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास ती गाडी घेऊ नये. दीर्घ काळ एकच गाडी वापरणार असल्यास लॉगबुकात इंधनाबरोबर पाणी व ऑइल किती भरले याचीही तारीख आणि किलोमीटरसह नोंद ठेवावी. आठवड्याला लागणारे पाणी लिटरभरावरून दोन लिटरवर गेले, की गॅस्केट, पंप किंवा नळी यांपैकी काहीतरी जात आहे हे रस्त्यात उभे राहण्याआधीच कळते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद होतो. पाण्यातून काढलेल्या गाडीच्या गिअरबॉक्स व डिफरन्शिअलमधील ऑइलही दुधाळ होऊ शकते, आणि ते पाहण्यासाठी दांडी नसल्याने बोल्ट सैल करूनच पाहावे लागते.