भोजनातील मात्रा आणि मांसाहार

संयुत्तनिकायात 'दोणपाक सुत्त' नावाचे एक लहानसे सुत्त आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांच्या भेटीस येतो. अमुक पदार्थ वर्ज्य कर, असे भगवान त्याला सांगत नाहीत. जो भोजनातील मात्रा जाणतो त्याची पीडा कमी होते आणि आयुष्य जपले जाते, एवढेच ते सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाकडून ती गाथा पाठ करवून घेतो आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी त्याला शंभर कहापण देऊ करतो. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर येतो व शरीर हलके होते.

मांसाहार कमी करण्याविषयी लिहिताना आम्ही या सुत्तापासून आरंभ केला, याला कारण आहे. आपल्या समाजात हा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. ताटातील अन्नावरून माणसाला अपवित्र ठरविणे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखविला. १९२७ साली महाड येथे मृत जनावरांचे मांस सोडण्याचे त्यांनी केलेले आवाहन स्वाभिमानासाठी होते. २२ प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांस न खाण्याची नाही. भिक्खूंना मासे व मांस सर्वथा वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणीही भगवंतांनी मान्य केली नव्हती. तेव्हा या लेखात 'कमी' म्हणजे 'शुद्ध' असा अर्थ कोणी घेऊ नये.

प्रश्न पृथ्वीचा आणि प्रकृतीचा आहे. मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असा अंदाज जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मांडला. 'सायन्स' या नियतकालिकातील २०१८ च्या एका अभ्यासानुसार मांस, मासे, अंडी व दूध यांसाठी जगातील सुमारे ८३ टक्के शेतजमीन वापरली जाते, पण त्यांतून माणसाला केवळ १८ टक्के उष्मांक मिळतात. या हिशेबात दूधही आहे, हे पनीर आणि तूप खाऊन दुसऱ्याला उपदेश करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शिवाय हे आकडे जगाचे आहेत. भारतीय माणूस अमेरिकन माणसाच्या मानाने फारच थोडे मांस खातो.

मग आपण का विचार करावा? कारण आपल्या घरांतील ताट एका पिढीत बदलले. पूर्वी सणावाराला किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी होणारे मटण मूठभर असे. रस्सा मोठा, भाकरी पोटभर. आज नोकरदार घरांत ब्रॉयलर कोंबडी आठवड्यातून तीन-चार वेळा शिजते, आणि बैठे काम करणारा गृहस्थ अंगमेहनत करणाऱ्या आजोबांपेक्षा अधिक मांस व तेल खातो. ही कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते. तिच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या शेतातील पीक तिच्यामार्फत आपल्यापर्यंत येते आणि वाटेत त्याचा बराच भाग खर्ची पडतो. कोंबड्यांना प्रतिजैविके देण्याचा प्रश्न वेगळाच. माणसावरील उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांना देण्यावर २०१९ साली केंद्र सरकारला बंदी घालावी लागली.

आरोग्याबाबत अतिशयोक्ती नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. साध्या कोंबडीला हा निष्कर्ष लागू नाही. तिच्या बाबतीत पाहावयाचे ते हे की, तिच्यामुळे ताटातून डाळ, उसळ आणि पालेभाजी हद्दपार झाली काय.

मुलांची गोष्ट मात्र निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके व १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ब-१२ जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याच्या ताटातून पर्यावरणाच्या नावाने अंडे उचलून घेणे आम्हास अन्यायाचे वाटते. वसतिगृहाच्या भोजनगृहातून अंडी बंद करावीत, अशी सूचना कोणाकडूनही आली तरी तिला आमचा विरोध राहील. कपात करावयाची ती मोठ्यांच्या, भरल्या ताटातून.

ती कशी करावी हे शिकण्यास दूर जावे लागत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात (२०१५) मराठवाड्यातील दलित समाजाच्या पाककृती नोंदविल्या आहेत. मांस उन्हात सुकवून केलेल्या चान्या आपल्या आज्या बेताने वापरीत; थोड्याशा चान्यांवर घरभराचे कालवण होई. दालचा हाही तसाच पदार्थ: डाळ, दुधी भोपळा, चिंच आणि थोडे मटण. चौघांच्या घरात किलोभर मटणाऐवजी पाव किलो घ्यावे, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ घालावी, दुधीच्या मोठ्या फोडी टाकाव्यात आणि डाळ गळेपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे. रस्सा सर्वांना पुरतो, आणि ज्वारीच्या भाकरीशी तो उत्तम लागतो.